क्रॅप्स

क्रॅप्स हा दोन घनाकृती फाशांनी खेळला जाणारा जुगाराचा खेळ आहे. फेकलेल्या दोन फाशांवरील ठिपक्यांची बेरीज काय येईल यावर खेळाडू पैज लावतात. प्रामुख्याने अमेरिकेत प्रचलित असलेला हा खेळ जगभरातील अनेक कॅसिनोंत आढळतो. खेळाचा निकाल पूर्णपणे दैवावर अवलंबून असला, तरी त्याच्या टेबलावर एकाच वेळी उपलब्ध असणाऱ्या पैजांच्या किमतीत मोठी तफावत असते. काही पैजांवर जुगारगृहाचा फायदा दीड टक्क्याहून कमी, तर काहींवर सोळा टक्क्यांहून अधिक असतो. नवख्या खेळाडूने शिकण्यासारखे जे काही या खेळात आहे, ते बहुतांशी या तफावतीतच आहे.

महाराष्ट्रात हा खेळ पैसे लावून खेळणे बेकायदेशीर आहे. शेजारच्या गोव्यात मात्र परवानाधारक जहाजांवर टेबलावरील जुगाराला मुभा असल्याने, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा विषय पूर्णपणे परका राहिलेला नाही.

पूर्वपीठिका

फाशांचा जुगार भारतीय परंपरेला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त (१०.३४) हे जुगाऱ्याच्या दुर्दशेचे वर्णन करणारे सूक्त आहे, तर महाभारताच्या सभापर्वातील द्यूतावर पुढील सारी कथा उभी आहे. 'दान पडणे', 'फासे उलटे पडणे' हे मराठीतील वाक्प्रचार याच खेळांतून आले. फाशांच्या एका फेकीतून मिळणाऱ्या संख्येला मराठीत 'दान' म्हणतात; या लेखात तोच शब्द वापरला आहे.

क्रॅप्सचा उगम मात्र 'हॅझर्ड' या जुन्या इंग्लिश खेळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्समध्ये तो सुटसुटीत रूपात रुळला व त्याचे श्रेय सामान्यतः बर्नार्ड द मॅरिन्यी या जमीनदाराला दिले जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉन एच. विन या फासे बनवणाऱ्या व्यावसायिकाने फेकणाऱ्याच्या विरुद्ध बाजूनेही पैज लावण्याची सोय केली, आणि खेळाला आजचे स्वरूप आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक घोंगडी अंथरून हा खेळ खेळत.

खेळाची रीत

फासे फेकणाऱ्यास 'शूटर' म्हणतात. शूटर आळीपाळीने बदलतो. इतर खेळाडू त्याच्याच दानावर पैसे लावतात. फासे एकाच हाताने फेकायचे असतात आणि ते टेबलाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यावेत अशी अपेक्षा असते. फासे पारदर्शक असतात, जेणेकरून त्यांत वजन दडवलेले नाही हे दिसावे.

मूळ पैज 'पास लाइन' नावाच्या पट्टीवर लावतात. फेरीच्या पहिल्या फेकीस 'कम-आउट' म्हणतात. या फेकीत ७ किंवा ११ चे दान पडल्यास पास लाइनवर पैसे लावणारा लगेच जिंकतो. २, ३ किंवा १२ पडल्यास लगेच हरतो. ४, ५, ६, ८, ९ किंवा १० यांपैकी संख्या आली, तर ती त्या फेरीचा 'पॉइंट' ठरते आणि टेबलावर त्या संख्येपाशी खूणचकती ठेवली जाते. त्यानंतर पॉइंटची संख्या पुन्हा येईपर्यंत किंवा ७ येईपर्यंत फासे फेकले जातात. पॉइंट आधी आला तर जीत, ७ आधी आले तर हार, आणि फासे पुढच्या खेळाडूकडे.

नवख्या माणसाची पहिली गल्लत येथेच होते. ७ हे दान कम-आउटला शुभ आणि पॉइंट ठरल्यानंतर अशुभ असते. टेबलावर एकाच फेकीला काही जण आनंदाने ओरडतात आणि काही जण गप्प होतात, त्याचे कारणही बहुधा हेच असते.

'डोन्ट पास' ही याच्या उलट पैज होय. तीत कम-आउटला २ किंवा ३ आल्यास जीत, ७ किंवा ११ आल्यास हार होते. १२ आल्यास पैसे परत मिळतात. पॉइंट ठरल्यावर ७ आधी यावे अशी या खेळाडूची इच्छा असते. 'कम' आणि 'डोन्ट कम' या पैजा अनुक्रमे पास व डोन्ट पाससारख्याच असून त्या पॉइंट ठरल्यानंतर लावता येतात.

दानांचे गणित

दोन फाशांची ३६ वेगवेगळी जुळणी होऊ शकते. त्यांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारे येते (१-६, २-५, ३-४ आणि त्यांच्या उलट जोड्या), म्हणून ७ हे सर्वांत वारंवार पडणारे दान आहे. ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, ५ आणि ९ चार प्रकारे, ४ आणि १० तीन प्रकारे, ३ आणि ११ दोन प्रकारे, तर २ आणि १२ एकेकाच प्रकारे येतात. संपूर्ण खेळाची उभारणी या एवढ्या मोजणीवर आहे.

पॉइंट ६ असेल तर जिंकून देणाऱ्या पाच आणि हरवणाऱ्या सहा जुळण्या असतात, म्हणजे जिंकण्याची शक्यता ११ पैकी ५. पॉइंट ५ असेल तर १० पैकी ४. पॉइंट ४ असेल तर केवळ ९ पैकी ३. कम-आउट धरून सर्व शक्यता एकत्र केल्या, की पास लाइन जिंकण्याची शक्यता ४९५ पैकी २४४, म्हणजे सुमारे ४९.२९ टक्के येते. हरण्याच्या बाजूला २५१ उरतात. या ७ च्या फरकामुळे दीर्घकाळात दर १०० रुपयांच्या पैजेमागे सरासरी १ रुपया ४१ पैसे जुगारगृहाकडे जातात. यालाच 'हाउस एज', म्हणजे जुगारगृहाचा अंगभूत फायदा म्हणतात. डोन्ट पासवर तो किंचित कमी, १.३६ टक्के आहे.

पैजांमधील तफावत

पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे 'ऑड्स' नावाची जोडपैज लावता येते. तिच्यावर जुगारगृह काहीही फायदा ठेवत नाही: ४ व १० वर दुप्पट, ५ व ९ वर दीडपट, ६ व ८ वर पाचास सहा अशी नेमकी गणिती भरपाई मिळते. कॅसिनोच्या टेबलावर अशी पैज क्वचितच सापडते, आणि म्हणूनच तिच्यासाठी टेबलावर छापील जागा सहसा नसते. पण ऑड्समुळे मूळ पैजेवरील तोटा नाहीसा होत नाही. फक्त पणाला लागलेली एकूण रक्कम वाढते. ५०० रुपयांची तयारी असलेल्याने ५०० ची पास लाइन आणि वर १,००० चे ऑड्स लावले, तर गणित चांगले दिसते आणि खिसा तिप्पट वेगाने रिकामा होऊ शकतो.

७ पूर्वी ६ किंवा ८ येईल यावर लावलेल्या 'प्लेस' पैजेत सहास सात मिळतात व फायदा १.५२ टक्के असतो. तीच पैज ५ किंवा ९ वर लावली तर ४ टक्के, आणि ४ किंवा १० वर ६.६७ टक्के द्यावे लागतात. टेबलाच्या मधोमध, स्टिकमनसमोर मोठ्या आकड्यांनी सजवलेल्या पैजा सर्वांत महाग असतात. पुढचेच दान ७ येईल यावर एकास चार मिळतात. प्रत्यक्षात शक्यता एकास पाच अशी असल्याने जुगारगृहाचा फायदा १६.६७ टक्के होतो. २ किंवा १२ या दानांवर एकास तीस देणारी पैज १३.८९ टक्के, जोडदानाने ४ किंवा १० आणण्याची पैज ११.११ टक्के घेते.

या टक्क्यांचा रुपयांतला अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. एका तासात १०० वेळा फासे फेकले गेले असे मानू. पास लाइनच्या एका पैजेचा निकाल लागायला सरासरी ३.३८ फेकी लागतात, म्हणजे तासाभरात साधारण ३० निकाल. प्रत्येकी ५०० रुपये लावणाऱ्याचा अपेक्षित तोटा सुमारे २१२ रुपये होतो. त्याच टेबलावर, त्याच तासात, प्रत्येक फेकीला ७ वर ५०० रुपये लावणाऱ्याचा अपेक्षित तोटा ८,३०० रुपयांच्या पुढे जातो. दोघांनाही मिळणारी करमणूक बहुधा सारखीच असते. हे आकडे सरासरीचे आहेत. एखाद्या संध्याकाळी दोघांपैकी कोणीही जिंकून उठू शकतो.

समज आणि युक्त्या

फाशांना स्मरणशक्ती नसते. दहा फेकींत ७ आले नाही म्हणून अकराव्या फेकीत ते येण्याची शक्यता वाढत नाही. ती सहापैकी एकच राहते. उलट, एखाद्या शूटरचा 'हात चालला आहे' म्हणून पुढेही चालेल, यालाही आधार नाही. लांबलेल्या फेऱ्या घडतात. २३ मे २००९ रोजी अटलांटिक सिटीतील बोर्गाटा कॅसिनोत पॅट्रिशिया डिमॉरो या महिलेने १५४ वेळा फासे टाकल्यानंतर तिची पाळी संपली. त्याला ४ तास १८ मिनिटे लागली. सर्वसाधारण शूटरची पाळी मात्र सरासरी साडेआठ फेकींतच संपते.

हरल्यावर पैज दुप्पट करत जाण्याची युक्ती सर्वत्र ऐकू येते. ५०० पासून आरंभ केल्यास सलग सात वेळा हरताना ६३,५०० रुपये जातात आणि आठवी पैज ६४,००० ची लावावी लागते, तीही शेवटी निव्वळ ५०० रुपये जिंकण्यासाठी. पास लाइनवर सलग सात हारींची शक्यता सुमारे ११६ पैकी १ आहे. हे दुर्मीळ वाटले तरी चार-पाच तासांच्या बैठकीत ते सहज वाट्याला येऊ शकते. शिवाय टेबलाची कमाल मर्यादा त्याआधीच आड येते.

उपयोगाच्या गोष्टी याहून साध्या आहेत. गमावली तरी चालेल एवढीच रक्कम रोख सोबत नेणे, उठण्याची वेळ आधी ठरवणे, टेबलावरची किमान पैज वाचून मगच उभे राहणे, पास लाइनपलीकडची पैज तिचा मोबदला समजल्याखेरीज न लावणे, आणि उधारीवर किंवा मद्याच्या अमलाखाली न खेळणे. पैसे न लावता घरी दोन फासे आणि चिंचोके घेऊन दोनशे फेकी नोंदवल्या, तर नियमही पाठ होतात आणि ७ किती वेळा पडते तेही डोळ्यांना दिसते.

सिंधुदुर्ग आणि गोवा

महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध अधिनियम, आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम या नावाने, लागू आहे. जुगारगृह चालवणे, तेथे जुगार खेळताना सापडणे आणि सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणे हे तिन्ही त्यानुसार गुन्हे आहेत. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कायद्यात सूट आहे, पण क्रॅप्ससारख्या दैवाधीन खेळाला ती मिळू शकत नाही. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयी स्वतंत्र कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि तो रद्द करण्याचा निर्णय २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

गोव्यातही १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगाराला, आणि १९९६ च्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून दूर जहाजांवर टेबलावरील खेळांना परवानगीची वाट खुली झाली. पणजी येथे मांडवी नदीत उभी असलेली कॅसिनो जहाजे हे त्याचे फळ. तेथे तीन पत्ती, अंदर-बाहर, रूलेट आणि बॅकरॅट या खेळांचा जोर अधिक दिसतो. क्रॅप्स त्या मानाने विरळा.

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोंतील जुगाराच्या जागी प्रवेशबंदी आहे. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. मालवणात चार जणांनी बंद खोलीत फासे टाकून पैसे लावले तर पोलीस कारवाई होऊ शकते; तोच मालवणी माणूस कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीची सीमा ओलांडून पणजीला गेला, तर जहाजावर ग्राहक ठरतो; आणि वाटेवरच्या पेडण्यातील रहिवाशाला मात्र त्याच जहाजावर पैज लावता येत नाही.

जहाजावरचा खेळ नियमांत असला तरी कराच्या बाबतीत स्वस्त नाही. कॅसिनोंवरील वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून चकत्या घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. या कराचा किती भाग ग्राहकावर पडतो, हे चकत्या घेण्यापूर्वीच विचारून घेणे शहाणपणाचे. कारण तो पूर्णपणे ग्राहकाकडून वसूल होत असेल, तर पास लाइनवरील १.४१ टक्क्यांची काटकसर निरर्थक ठरते. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर, शिवाय अधिभार व उपकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचे सर्व प्रकार केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने प्रतिबंधित केले आहेत.

जत्रांमधील पट

कोकणात फाशांच्या जुगाराशी सामान्य माणसाची गाठ कॅसिनोपेक्षा जत्रेत पडण्याचा संभव अधिक. हिवाळ्यातील जत्रांत, एकीकडे रात्रभर दशावतारी नाटक चालू असताना, दुसरीकडे सहा चित्रांच्या पटावर पैसे लावण्याचे डाव मांडले जातात व त्यांवर छापेही पडतात. हा प्रकार उत्तर भारतातील झंडी-मुंडा आणि ब्रिटिश खलाशांच्या 'क्राउन अँड अँकर' या खेळांचा भाऊबंद आहे. तीन फाशांवरील खेळात एका चित्रावर रुपया लावला, ते एका फाशावर आले तर एक, दोहोंवर आले तर दोन आणि तिन्हींवर आले तर तीन रुपये नफा मिळतो. वरवर पाहता सहा चित्रे आणि तीन फासे म्हणजे निम्मी शक्यता वाटते. प्रत्यक्षात २१६ जुळण्यांपैकी १२५ मध्ये निवडलेले चित्र मुळीच येत नाही, आणि पट मांडणाऱ्याचा फायदा ७.८७ टक्के, म्हणजे पास लाइनच्या साडेपाच पट भरतो. हेही फासे सच्चे असतील तर. कंदिलाच्या उजेडात, अपारदर्शक फासे आणि ओळखीचे नसलेले हात यांची हमी कोणी देत नाही.

व्यसन

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. गमावलेले पैसे त्याच रात्री परत मिळवण्याचा हट्ट, घरच्यांपासून रक्कम लपवणे, नौका-जाळी किंवा दागिने गहाण टाकून खेळणे आणि थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे ही त्याची लक्षणे मानता येतात. अशा वेळी केंद्र शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.