भिंतीवरची गोधडी

पैठण म्हटले की पैठणी आठवते. पण पैठणी पेटीत राहते. रोज डोळ्यांसमोर असते ती गोधडी. जुनी सुती लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत ती शिवतात. दक्षिण महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात.

आज ती शहरी दिवाणखान्यात भिंतीवर दिसते. ही शोभा नवी आहे असे मला वाटत नाही. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीवर गोधड्यांची चळत असे, आणि पाहुण्यासाठी बाजेवर त्यातली सर्वांत चांगली अंथरली जाई. शोभा होती, पण ती वापरातली होती.

आई गेल्यावर तिची गोधडी मीही खिळ्यांनी भिंतीवर लावली. वजनाने टाके ओढले गेले, उन्हाने रंग विटला. मग वरच्या कडेला मागून नेफा शिवून त्यात काठी ओवली; भार सारखा वाटला गेला.

यंदा थंडीत लेकीने ती पांघरायला मागितली. मी काढून दिली. झिजेल खरी, पण आजीच्या कोणत्या लुगड्याचा कोणता तुकडा, हे लेकीने पहिल्यांदा तेव्हाच विचारले. भिंतीवर असताना कुणी विचारले नव्हते.