स्थूल बालकाचे दिवस कसे जातात, हे मोजण्याची रीत

ठाणे जिल्ह्यात बालकाच्या वजनाचा विषय निघाला की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कृश मूल. आणि ते योग्यच होय. परंतु ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांना लागून असलेल्या गावांत आता निराळेही चित्र दिसते. खेळाची मोकळी जागा इमारतींखाली गेली, पुड्यांतील तळीव खाऊ दारोदारी आला, आणि एकाच बाकावर एक मूल हाडकुळे तर दुसरे वयाच्या मानाने फार भरलेले, अशी जोडी बसू लागली.

वजन काट्यावर कळते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १३० सेंटिमीटर उंचीच्या व ३४ किलो वजनाच्या मुलाचा हा अंक सुमारे २० येतो. प्रौढास तो निकोप समजतात. नऊ वर्षांच्या मुलास मात्र तो अधिक ठरतो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या, ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी असलेल्या तक्त्याशीच तो ताडून पाहावा.

पण त्या मुलाचे दिवस कसे जातात, हे काटा सांगत नाही. त्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी सहकाऱ्यांसह एक प्रश्नावली सिद्ध केली. तीत २३ प्रश्न आहेत : आठ शरीराविषयी, आणि मन, सोबती व शाळा यांविषयी प्रत्येकी पाच. गेल्या महिन्यात धावताना किती वेळा अडचण आली, सोबती चिडवतात काय, असे त्यांचे स्वरूप. ‘कधीच नाही’ या उत्तरास १००, आणि पुढे क्रमाने ७५, ५०, २५ व ‘जवळजवळ नेहमीच’ यास शून्य गुण. सोबत्यांविषयीच्या पाच उत्तरांना २५, ५०, २५, ७५, ५० असे गुण मिळाले, तर सरासरी ४५ येते. गुण जितके कमी, तितका जाच अधिक.

हीच प्रश्नावली पालकांकडूनही भरून घेतात. दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि त्यात नवल नाही. मधल्या सुट्टीत काय घडते ते आईस कोठून दिसणार?

२००३ साली अमेरिकेत रुग्णालयाकडे पाठविलेल्या अतिस्थूल मुलांचे गुण कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या गुणांइतकेच खाली आढळले. ती मुले निवडक होती, हे विसरू नये. २००५ साली ऑस्ट्रेलियातील साध्या शाळांत पाहणी झाली, तेव्हा घट सौम्य निघाली. ती शरीर व सोबती या दोन भागांत होती, शाळेविषयीच्या गुणांत नव्हती. शिक्षकाने येथे थोडे थांबावे. स्थूल मुलाचा जाच प्रगतिपुस्तकात उतरेलच असे नाही. तो लंगडीचे गडी वाटून घेताना दिसतो, शेवटी उरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर. आणि दम लागतो म्हणून त्याला दयेने गुणलेखक करून बसविणे, ही त्याच एकटेपणात घातलेली भर होय.

प्रश्नावली चालविणे हे वैद्यांचे काम आहे. शाळेत तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास असे मूल दाखवावे. वजन घ्यावयाचे ते एकेकास बाजूला बोलावून, आकडा मोठ्याने न वाचता घ्यावे. ‘जाड्या’ हे नाव वर्गात एकदा रुजले, की पुढे ते शिक्षकाच्याही तोंडी सहज येते.