ड्रॅग स्ट्रिप : खरी शर्यत दिव्यापाशीच

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरायची म्हटली की गाडीवेडी पोरं आधीपासूनच क्लच, ब्रेक, टायर तपासत बसतात. खेळ दिसायला सोपा. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे साधारण 402 मीटर, एका वेळी दोन गाड्या. वळण नाही, मग कौशल्य कसलं?

कौशल्य सुटण्यात आहे. सुरुवातीच्या रेषेपुढे खांबावर दिवे असतात. पिवळे पेटतात, मग हिरवा. हिरव्याआधी गाडी सुटली की लाल दिवा, शर्यत गेली! आणि गंमत बघा, पट्टी कापायचा वेळ गाडी रेषेवरून हलल्यावरच मोजला जातो. म्हणून 12.4 सेकंदवाला 12.2 वाल्याला हरवू शकतो. तो दिव्यावर जास्त सावध होता, एवढंच.

हाच खेळ काही पोरं रात्री हायवेवर करतात. तिथं वाटेत ट्रक येतो, एखादा दूधवाला येतो. पट्टीवर आधी गाडीची तपासणी, डोक्यावर हेल्मेट, पुढं थांबायला मोकळी जागा, बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं रोजचीच गाडी न्यावी. वेळेची चिठ्ठी हातात पडली की कळतं, सेकंद इंजिनानं खाल्ले की आपण.