बेस कुठे गेला?

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघे मिनिआपोलिसमध्ये एका मित्राच्या घरी जमतो आणि प्रिन्सच्या रेकॉर्डी ऐकतो. नियम एकच: बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. सुई उचलली की भांडायला मोकळे.

प्रिन्सचा कुठला अल्बम सरस, हे भांडण मिटत नाही. १९८०चा ‘डर्टी माइंड’ आठ गाण्यांत, अर्ध्या तासात आटोपतो. घरच्या स्टुडिओतला कच्चेपणा त्यात तसाच ठेवलेला. पाचच वर्षांनी आलेला ‘अराउंड द वर्ल्ड इन अ डे’ त्याच माणसाचा, हे नवख्याला सांगावं लागतं. फंक, रॉक, सोल, पॉप एका तराजूत घालायचे कसे? म्हणून आम्ही दरवेळी एकच गोष्ट धरून ऐकतो. या खेपेला बेस धरला.

‘पर्पल रेन’ (१९८४) लावला, दुसरी बाजू. पहिलंच गाणं ‘व्हेन डव्ज क्राय’, आणि त्यात बेस नाहीच. वाजवून झालेला बेस प्रिन्सने काढून टाकला. फंकवर वाढलेल्या माणसाने हे करावं! खालची जमीन गेल्यावर लिन एलएम-१ या ड्रम मशीनचा ठोका उघडा पडतो. खालच्या सुरात उतरवलेला तो ठोका, कुणी रिकाम्या खोलीच्या दारावर बोटाच्या पेरांनी ठोठावावं तसा. पुढची तिन्ही गाणी मुळात याच शहरातल्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू क्लबमध्ये, ३ ऑगस्ट १९८३ला, प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झालेली. त्यातल्या पहिल्याचा बेस सुरू झाला आणि सोफ्यावरचे चारही पाय एकदम हलायला लागले. आधीची सहा मिनिटं आपण किती अधांतरी होतो, ते तेव्हा कळलं.

मग ‘परेड’ (१९८६) काढला. ‘किस’मध्येही बेस नाही, पण इथे पोकळी अजिबात जाणवत नाही, गिटारचे तुटक फटकारे आणि वर चढवलेला बारीक आवाज, एवढ्यावर गाणं नाचतं. एकच युक्ती, परिणाम दोन टोकांचे.

‘इमॅन्सिपेशन’ (१९९६) आमच्यातल्या एकाचा लाडका. तीन सीडी, प्रत्येकी बारा गाणी, प्रत्येक सीडी बरोब्बर एका तासाची. त्यात सुंदर गाणी आहेत, हे मला मान्य. पण जो माणूस गाण्याचा कणाच काढून टाकायला कचरत नव्हता, त्याने इथे काहीच गाळलं नाही, आणि त्यामुळे माझं मन तिथे रमत नाही. यावर तासभर वाद झाला. चहा निवला.

शेवटी ‘साइन ओ द टाइम्स’ (१९८७), पहिली बाजू. ‘हाउसक्वेक’चा दंगा संपतो आणि ‘द बॅलड ऑफ डोरोथी पार्कर’ सुरू होतं. एकदम पाण्याखाली गेल्यासारखं. घरच्या स्टुडिओत नवा कन्सोल नुकताच बसवलेला, प्रिन्सला मात्र थांबायचं नव्हतं. साउंड इंजिनिअर सुझन रॉजर्स यांना आवाज दबका येतोय हे रेकॉर्डिंग करतानाच जाणवलं होतं. कन्सोलला निम्माच वीजपुरवठा मिळत असल्याचं नंतर निघालं. वरचे सूर गेलेले. प्रिन्सला ते आवडलं आणि त्याने तसंच ठेवलं. इथे बेस मऊ, गोल, जवळ येऊन बसलेला, कारण त्याच्यावर चमकणारं काही उरलेलंच नाही.

आमच्यातला सगळ्यात नवा मित्र उठला. न बोलता त्याने ट्रेबलचं बटण फिरवून पाहिलं, क्षणभर ऐकलं, आणि होतं तिथे परत आणून ठेवलं.