कल्ले, गलमिशा आणि छावणीचा नियम

इंग्रजीतील ‘व्हिस्कर्स’ या शब्दाला मराठीत एकच नेमका पर्याय सापडत नाही. परंतु ते मराठीचे उणेपण नसून, चेहऱ्यावरील केसांना नावे देण्याची तिची रीतच निराळी आहे. ‘व्हिस्क’ म्हणजे झटकणे किंवा झाडणे. त्यावरून झाडण्याच्या साधनाला ‘व्हिस्कर’ म्हणत, आणि केसांचा झुपका तसाच दिसतो म्हणून 1600च्या सुमारास तो शब्द आधी मिशीला व पुढे गालांवरील केसांना लागला.

मराठी मात्र केस कशासारखे दिसतात हे न पाहता ते कुठे उगवतात हे पाहते. ‘दाढी’चे नाते दाढेशी, म्हणजे संस्कृत ‘दंष्ट्रा’ व प्राकृत ‘दाढा’ यांच्याशी आहे, आणि मनुस्मृतीत ‘दाढिका’ हे रूपही येते. ‘गलमिशा’ म्हणजे गालांवर उतरलेल्या मिशा. ‘कल्ला’ हा शब्द हिंदी-उर्दूत गाल-जबड्याच्या भागाला लावतात. मराठीत कानांपुढे राखलेले केस ते कल्ले, आणि माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात तेही कल्लेच. ज्यापासून ‘मिशी’ निघाली असे मानले जाते, त्या ‘श्मश्रु’ या ऋग्वेदकालीन शब्दाचा लिथुआनियन भाषेतील दूरचा भाऊबंद ‘स्माक्रास’ याचा अर्थ हनुवटी असा आहे, ही गोष्ट तर फारच बोलकी आहे. मिशा कल्ल्यांना जाऊन मिळाल्या की त्यांना ‘कल्लेदार’ म्हणतात, आणि या एका विशेषणात चेहऱ्याचे दोन भाग जोडले जातात.

या दोन रीती भिंगारजवळ शेजारी नांदल्या. मार्च 1707मध्ये औरंगजेबाचा अंत जिथल्या तळावर झाला, त्या भिंगारला लागूनच इंग्रजांची छावणी वसली. ब्रिटिश लष्कराच्या नियमावलीत सैनिकाने हनुवटी व खालचा ओठ भादरावा, वरच्या ओठावर वस्तरा लावू नये आणि ‘व्हिस्कर्स’ राखलेच तर बेताचे असावेत, अशी सक्ती होती; मिशीची ही सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, ऑक्टोबर 1916मध्ये उठली. त्या नियमातले ‘व्हिस्कर्स’ म्हणजे मराठीतले कल्ले किंवा गलमिशा. कारण मिशी आणि हनुवटी यांचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे केलेला होता.

क्रियापदांचा व्यवहार याहून नवलाचा आहे. मराठीत दाढी ‘ठेवतात’ किंवा ‘राखतात’. पण ‘दाढी करणे’ किंवा ‘श्मश्रू करणे’ म्हणजे ती काढून टाकणे, आणि त्यामुळे केसांचे नावच ते उतरवण्याच्या कामाला मिळाले आहे.

मांजराच्या तोंडावरील ताठ केस, ज्यांच्या मुळांशी मज्जातंतूंचे दाट जाळे असल्याने अंधारातही आसपासचा अदमास येतो, त्यांना इंग्रजीत ‘व्हिस्कर्स’ व मराठीत मिशा म्हणतात. मात्र तसेच स्पर्शसंवेदी केस मांजराच्या डोळ्यांवरही असतात, आणि इंग्रजी त्यांनाही ‘व्हिस्कर्स’मध्येच धरते, पण मराठी माणूस ओठाच्या वर नसलेल्या त्या केसांना मिशा म्हणत नाही.