पंख्याला पहिला धक्का कोण देतो?

छताचा पंखा कधी रुसलेला पाहिला आहे का? बटण दाबले की गुणगुण ऐकू येते, पण पाती हलत नाहीत. त्यांना ढकलले, तर ज्या बाजूला ढकलावे त्याच बाजूला ती फिरू लागतात! "कंडेन्सर गेला," असे कारागीर सांगतो. वीज तर येते आहे. मग कंडेन्सरवाचून अडते कोठे?

एक सोपा प्रयोग करा. दोऱ्याला दगड बांधून टांगा व उत्तर-दक्षिण झुलू द्या. तो मधोमध आला की पूर्वेकडे हलका धक्का द्या. झोका तिरपा होईल, पण रेषेतच राहील. आता पुन्हा सुरुवात करा. दगड उत्तर टोकाला क्षणभर थांबला की पूर्वेकडे धक्का द्या. तो गोल किंवा लंबगोल फिरू लागेल! म्हणजे धक्का काटकोनात हवाच, शिवाय तो पाव आवर्तनाच्या अंतराने मिळायला हवा.

मोटरीतही हेच घडते. घरातील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. एकाच वेटोळ्यातून तो गेला, तर चुंबकीय क्षेत्र एका रेषेत वाढते, ओसरते आणि उलटते. उलटसुलट फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची ती बेरीजच समजा. स्थिर रोटरला दोन्हींची ओढ सारखीच, म्हणून तो जागचा हलत नाही. एकदा ढकलला, की त्या बाजूची ओढ वरचढ ठरते.

म्हणून दुसरे वेटोळे बसवतात. दोन ध्रुवांच्या मोटरीत ते पहिल्याशी काटकोनात असते. त्याला जोडलेल्या कंडेन्सरमुळे तेथील प्रवाह सुमारे पाव आवर्तन आधी शिखर गाठतो. दोन्ही मिळून क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते. त्यामुळे रोटरमध्ये प्रवाह निर्माण होतात आणि तो क्षेत्रामागे ओढला जातो. मात्र तो किंचित मागेच राहतो. बरोबरी झाली, तर त्यात प्रवाहच निर्माण होणार नाही!

इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ साली अशाच दोन प्रवाहांनी फिरते क्षेत्र निर्माण करून दाखवले होते.

अडलेल्या पंख्याला मात्र हात लावू नका. बटण लगेच बंद करा, नाहीतर वेटोळी तापून जळतील. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युतभार उरलेला असू शकतो. ते काम कारागिरावर सोपवा.

आता सांगा पाहू : दगडाला पश्चिमेकडे धक्का दिला तर काय होईल? मग पंखा उलटा फिरवायला काय करावे लागेल?