दिवाळे, नादारी आणि पत

मराठीत दिवाळे ‘निघते’ किंवा ‘वाजते’. नादारी मात्र ‘जाहीर होते’. क्रियापदांचा हा भेद केवळ रूढीचा नव्हे. दिवाळे ही बाजारात पसरलेली वार्ता होय. नादारी हा न्यायालयाचा निर्णय होय. पहिल्या शब्दाचा संबंध लोकव्युत्पत्ती दिव्याशी जोडते : देणी फेडण्यास असमर्थ झालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावी, असे सांगतात. दुसरा शब्द फारसी असून ‘ज्याच्याजवळ काही नाही असा’ हा त्याचा मूळ अर्थ. अभिलेख शोधणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. कारण दप्तरी कागद होतो तो नादारीचा, दिवाळ्याचा नव्हे.

१९२० च्या प्रांतीय नादारी अधिनियमाने नादारीचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करणे आवश्यक ठरविले. त्यात नादाराचे नाव, पत्ता, आदेशाची तारीख व ऋणमुक्तीसाठी अर्ज करण्याची मुदत येत असे. म्हणून शोधाचे दोन मार्ग संभवतात : राजपत्राचे जुने अंक आणि जिल्हा न्यायालयाचे दप्तर. नादारी दुर्दैवाने ओढवली, गैरवर्तनाने नव्हे, असे प्रमाणपत्र ऋणमुक्तीच्या वेळी मिळाल्यास नादारीची अपात्रता दूर होई. पतीच्या पुनःस्थापनेचे बीज या तरतुदीत होते.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी गावाबाबत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती; सबब त्या काळातील दप्तर पाहावयाचे तर उर्दू लिपीचे ज्ञान अपरिहार्य ठरते. १८७५ च्या दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कायद्यात शेतकऱ्यांच्या नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. मराठवाडा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता.

आजचा शेतकरी ‘दिवाळे निघाले’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा न्यायालयात गेलेला नसतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तिविषयक भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही केवळ कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांपुरता. अर्थात शेतकऱ्याच्या विपत्तीची नोंद अन्यत्र पाहावी लागते : सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, सोसायटीचे खाते आणि पतमाहिती कंपनीचा अहवाल. या कंपन्या २००५ च्या कायद्याने नियंत्रित असून, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

येथेही शब्दच निर्णायक ठरतो. पूर्ण फेड झालेले खाते ‘बंद’ म्हणून नोंदले जाते. सूट घेऊन मिटविलेले खाते ‘तडजोड’ म्हणून. ऋणकोच्या दृष्टीने दोन्ही प्रकारे देणे संपलेले असते; पुढील धनकोच्या दृष्टीने मात्र दुसरी नोंद अपुऱ्या फेडीची साक्ष असते. म्हणून फेडीनंतर बेबाकी दाखला घ्यावा, फेरफार करवून सातबाऱ्यावरील बोजा उतरवावा, आणि अहवालात चूक राहिली असल्यास लेखी तक्रार करावी. तक्रारीचे निवारण तीस दिवसांत न झाल्यास प्रतिदिनी शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यानंतर लहान कर्ज घेऊन ते मुदतीत फेडणे, हा पत पुन्हा उभी करण्याचा मार्ग होय.

सारांश, गावाच्या स्मृतीत दिवाळे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कागदावरील नोंद दुरुस्त करता येते. परंतु त्यासाठी ती कोणत्या शब्दाखाली व कोणत्या दप्तरात आहे, हे आधी कळावे लागते.